बिस्मथ : शिशाचा सौम्य शेजारी

वैद्यकीय व्यवसायात धातूंशी आपला संबंध रोजचा असतो. रक्तातील लोह, हाडांतील कॅल्शियम, पेशींतील सोडियम-पोटॅशियम यांच्याशिवाय आपला एक दिवसही जात नाही. मात्र 'जड धातू' हा शब्द उच्चारला की डॉक्टरांच्या कपाळावर आठी उमटते. पारा, थॅलियम, शिसे ही नावे आपण औषधशास्त्रापेक्षा विषशास्त्राच्या पुस्तकातच अधिक वाचलेली असतात. मूलद्रव्यांच्या आवर्त सारणीत हे तिघे एका रांगेत नांदतात. पाऱ्याचा क्रमांक ८०, थॅलियमचा ८१, शिशाचा ८२. आणि शिशाला भिंत लागून, ८३ क्रमांकाच्या घरात राहतो बिस्मथ.

शेजार असा असूनही हा धातू क्षाररूपाने दोनशेहून अधिक वर्षे रुग्णांच्या पोटात जात आहे. जिनिव्हाचे डॉक्टर लुई ओदिये यांनी १७८६ साली पोटाच्या विकारांवर त्याचा वापर केल्याची नोंद आहे. आपल्याकडील जुन्या दवाखान्यांतही पांढऱ्या, घट्टसर बिस्मथ मिक्श्चरची बाटली असे. विषारी शेजाऱ्यांमध्ये राहून हा धातू सौम्य कसा राहिला, आणि त्याच्या सौम्यपणावर आपण कितपत विसंबावे, हे समजून घेण्याचा प्रयत्न मी प्रस्तुत लेखात करणार आहे. धातूचे नाव अपरिचित वाटले तरी डॉक्टर नसलेल्या वाचकांनी पान उलटू नये, ही विनंती. स्वयंपाकघरातील कुकरपासून करोनाच्या तपासणीपर्यंत अनेक ठिकाणी त्यांचा या धातूशी संबंध आलेला आहे.

ओळख आणि गुणधर्म

मध्ययुगीन जर्मन खाणकामगार या धातूला 'विस्मुट' म्हणत. चांदीच्या खाणीत तो वरच्या थरात सापडे, म्हणून त्याला 'चांदीचे छप्पर' असेही नाव होते. ही चांदीच आहे, पण अजून पिकलेली नाही. आपण जरा लवकर आलो, अशी त्यांची भाबडी समजूत होती. पुढे बराच काळ लोक त्याला शिशाचाच एक प्रकार मानत राहिले. १७५३ साली क्लोद जोफ्र्वा या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने दोन्ही धातू भिन्न असल्याचे दाखवून दिले.

बिस्मथाचा ताजा तुकडा रुपेरी दिसतो, परंतु त्यावर किंचित गुलाबी झाक असते. तो ठिसूळ आहे. हातोडीने ठोकल्यास त्याचा पत्रा होत नाही, भुगा होतो. एका घन सेंटिमीटरचे वजन सुमारे ९.८ ग्रॅम भरते; शिशाचे ११.३ ग्रॅम. बिस्मथ २७१ अंश सेल्सियसला वितळतो, तर शिसे ३२७ अंशांना. वितळलेला शुद्ध बिस्मथ सावकाश थंड होऊ दिला तर त्याचे अत्यंत देखणे स्फटिक तयार होतात. चौकोनी, आत आत उतरत जाणाऱ्या पायऱ्यांचा हा स्फटिक आपल्याकडील एखाद्या बारवेच्या छोट्या प्रतिकृतीसारखा दिसतो. हवेतील ऑक्सिजनमुळे त्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि त्या थराच्या कमी-अधिक जाडीमुळे निळा, जांभळा, सोनेरी असे मोरपिशी रंग चमकू लागतात.

बहुतेक धातू थिजताना आकसतात. बिस्मथ मात्र पाण्याप्रमाणे थिजताना प्रसरण पावतो, सुमारे ३.३ टक्क्यांनी. म्हणून बर्फ जसा पाण्यावर तरंगतो तसा घन बिस्मथ द्रव बिस्मथावर तरंगतो. ओतकामात या गुणाला मोल आहे. साच्यात ओतलेला रस थिजताना फुगला तर तो साच्याच्या कानाकोपऱ्यात जाऊन बसतो आणि आकार रेखीव उमटतो. ज्यांनी खिळे जुळवून छापलेली पुस्तके हाताळली आहेत, त्यांना अक्षराची कड धारदार असण्याचे महत्त्व सांगायला नको. छपाईच्या खिळ्यांचा मिश्रधातू मुख्यत्वे शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा असे. काही मिश्रणांत याच कारणाने बिस्मथही घालत.

उष्णता आणि वीज वाहून नेण्यात बिस्मथ फार मंद आहे. चुंबकाशी त्याचे वागणे तर उलटेच आहे. लोखंड चुंबकाकडे धाव घेते, बिस्मथ त्याच्यापासून हलकेच दूर सरतो. हा प्रतिचुंबकीय गुण १७७८ साली प्रथम बिस्मथातच लक्षात आला, आणि नेहमीच्या धातूंत तो बिस्मथाइतका ठळक दुसऱ्या कशातही नाही.

टॉमस सीबेक यांनी १८२१ साली बिस्मथ आणि तांबे यांच्या जोडाचे एक टोक तापवले, तेव्हा जवळची चुंबकसूची हलली. तापमानातील फरकातून वीज निर्माण होते, हे त्यातून उलगडले. हीच क्रिया उलट चालवली, म्हणजे वीज दिली, की जोडाची एक बाजू थंड होते आणि दुसरी तापते. आज या कामासाठी बिस्मथ टेल्युराइड हे संयुग वापरतात. २०२० साली करोनाच्या साथीत आरटी-पीसीआर हा शब्द घराघरांत पोहोचला. त्या तपासणीच्या यंत्रात नमुना काही सेकंदांत तापवून पुन्हा थंड करावा लागतो, आणि तो अशाच चकत्यांवर ठेवलेला असतो.

या धातूच्या अभ्यासात मुंबईचाही वाटा आहे. बिस्मथ कितीही थंड केला तरी नेहमीच्या दाबाखाली तो अतिसंवाहक होत नाही, म्हणजे वीज अडथळ्याविना वाहू देत नाही, असे दीर्घकाळ मानले जात होते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एस. रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिस्मथाचे अतिशुद्ध स्फटिक निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ, ०.०००५३ केल्विनपर्यंत थंड केले, आणि तेथे त्यांना अतिसंवाहकता आढळली. हे संशोधन २०१७ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. बिस्मथात सुमारे एक लाख अणूंमागे वीज वाहणारा एकच मोकळा इलेक्ट्रॉन असतो. इतक्या तुटपुंज्या सामग्रीवर अतिसंवाहकता कशी साधते, याचे उत्तर प्रचलित सिद्धांताला देता आले नाही. म्हणूनच या शोधाला महत्त्व आहे.

वेळेवर वितळणारा रखवालदार

बिस्मथ इतर धातूंत मिसळला की मिश्रणाचा वितळबिंदू झपाट्याने खाली येतो. ५० भाग बिस्मथ, २५ भाग शिसे आणि साडेबारा-साडेबारा भाग कथील व कॅडमियम एकत्र केले तर तयार होणारा मिश्रधातू ७० अंशांनाच वितळतो. घटकांपैकी सर्वांत लवकर वितळणारे कथील एकटे असताना २३२ अंश घेते, हे ध्यानात घेतले म्हणजे यातील नवल कळते. हा मिश्रधातू १८६० साली बार्नबस वुड यांनी शोधला आणि ते होते अमेरिकेतील दंतवैद्य. 'वुडचा धातू' या नावाने तो आजही ओळखला जातो. त्याचा चमचा गरम पाण्यात वितळून दाखवण्याचा खेळ पूर्वी केला जाई. त्यात शिसे व कॅडमियम असल्यामुळे असा चमचा खाण्यापिण्याच्या पदार्थात बुडवणे धोक्याचे आहे.

ठरावीक तापमानाला वितळणे म्हणजे रखवालदारी करणे. काही अग्निशामक फवाऱ्यांत पाण्याचे तोंड अशाच मिश्रधातूच्या छोट्या जोडाने बंद ठेवलेले असते. खोलीत आग लागून छताजवळची हवा तापली की जोड वितळतो आणि पाणी सुटते. त्याला वीज लागत नाही आणि जागा माणूसही लागत नाही.

घरातील प्रेशर कुकरच्या झाकणावरील सेफ्टी व्हॉल्व्ह याच तत्त्वावर काम करतो. कुकरमधील पाणी वाढलेल्या दाबामुळे सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. शिट्टीची नळी डाळीच्या फेसाने तुंबली, किंवा पाणी संपून कुकर कोरडा पडला, तर आतील तापमान त्याहून वर जाऊ लागते. अशा वेळी झाकणातील बूच वितळून वाफेला वाट मिळाली पाहिजे. ५८ भाग बिस्मथ आणि ४२ भाग कथील यांचा मिश्रधातू सुमारे १३८ अंशांना, तोही एकदम वितळतो. त्यात शिसे नसते, त्यामुळे अशा कामाला तो फार साजेसा आहे. भाजलेल्या रुग्णांवर उपचार करणाऱ्या प्रत्येक डॉक्टराने घरोघर सांगावी अशी गोष्ट एकच आहे. हे बूच एकदा वितळले की त्याच कंपनीचे नवे बसवावे. डाख देऊन, लांबी भरून किंवा खिळा ठोकून ते बुजवू नये. बूच वितळते ते खराब झाले म्हणून नव्हे, त्याने आपले काम केले म्हणून.

शेजारी, तरी निराळा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शिसे घातक का? शिशाचा विद्युत्‌भारित अणू भार आणि आकार या दोन्ही बाबतींत कॅल्शियमच्या अणूशी बराच जुळतो. शरीर फसते आणि शिशाला कॅल्शियमच्या वाटेने आत घेते. ते आतड्यातून शोषले जाते, हाडांत साठून राहते, आणि लहान मुलांच्या वाढत्या मेंदूत शिरून कायमची हानी करते. रक्तातील हिमोग्लोबिन तयार करणाऱ्या विकरांनाही ते अडवते.

बिस्मथाच्या अणूवर दोनऐवजी तीन धनभार असतात, त्यामुळे कॅल्शियमचे सोंग त्याला वठवता येत नाही. शिवाय पाण्याशी गाठ पडताच त्याच्या बहुतेक क्षारांचे विघटन होऊन न विरघळणारा साका तयार होतो. पोटातील आम्लात ऑक्सिक्लोराइड बनते आणि तेही विरघळत नाही. परिणामी गिळलेल्या बिस्मथापैकी एक टक्क्याहूनही कमी भाग रक्तात पोहोचतो, बाकीचा आतड्यातून तसाच बाहेर पडतो. म्हणजे बिस्मथाचा सौम्यपणा मुख्यतः त्याच्या न विरघळण्यात आहे. हे सूत्र मनात धरले की पुढील सर्व गोष्टींचा उलगडा होतो.

उद्योगधंद्यांत शिशाची हकालपट्टी सुरू झाली तेव्हा अनेक ठिकाणी या शेजाऱ्याला बोलावणे आले ते याच गुणामुळे. पितळेच्या नळतोट्या यंत्रावर सहज कातता याव्यात म्हणून पितळेत थोडे शिसे घालत, आणि ते पिण्याच्या पाण्यात उतरे. आता काही पितळेत त्याऐवजी बिस्मथ घालतात. पोलादही कातायला सोपे व्हावे म्हणून त्यात अल्प बिस्मथ मिसळतात. विद्युत उपकरणांतील जोडांसाठी बिस्मथ आणि कथील यांचा शिसेविरहित डाख वापरात आहे. पाणपक्ष्यांच्या शिकारीतील शिशाचे छर्रे तळ्यांत पडून पक्ष्यांना विषबाधा होई, म्हणून काही देशांत बिस्मथाचे छर्रे आले. पिवळ्याधमक रंगासाठी वापरात असलेल्या लेड क्रोमेटची जागा बिस्मथ व्हॅनाडेट घेऊ शकते. आपल्या देशात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. मुले भिंतीचे पोपडे चाटतात, हे ज्या बालरोगतज्ज्ञांनी पाहिले आहे त्यांना या नियमाचे मोल ठाऊक आहे. सौंदर्यप्रसाधनांतील मोत्यासारखी झळाळी पुष्कळदा बिस्मथ ऑक्सिक्लोराइडची असते.

औषध म्हणून

विसाव्या शतकात या धातूने वैद्यकात अनेक भूमिका केल्या. १९२१ साली पॅरिसमध्ये उपदंशावर बिस्मथाची इंजेक्शने देण्यास सुरुवात झाली, आणि पेनिसिलिन येईपर्यंत ती चालू होती. क्षकिरणांच्या आरंभकाळात जठर व आतडे पाहण्यासाठी रुग्णाला बिस्मथ सबनायट्रेट मिसळलेले अन्न देत. आतड्यातील जंतूंमुळे त्याचे नायट्राइट बनून काही रुग्ण दगावले, तेव्हा त्याची जागा बेरियम सल्फेटने घेतली. येथे दोष धातूचा नव्हता, त्याला जोडलेल्या नायट्रेटचा होता.

बिस्मथाचे पुनरागमन झाले ते हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूच्या शोधाबरोबर. ऑस्ट्रेलियातील रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांना या शोधाबद्दल २००५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. बिस्मथामुळे पेप्टिक अल्सर भरून येतो हा अनुभव जुना होता, कारण तेवढे कळत नव्हते. बिस्मथ व्रणाच्या खड्ड्यावर लेप धरतो, शिवाय या जंतूला मारतो, हे आता कळले. आज आम्लरोधक औषध, बिस्मथ, टेट्रासायक्लिन आणि मेट्रोनिडॅझोल असा चौपदरी उपचार करतात. क्लॅरिथ्रोमायसिनला जंतू दाद देईनासे झाल्यापासून त्याचे महत्त्व वाढले असून, २०२४ च्या अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजीच्या मार्गदर्शक सूचनांत चौदा दिवसांच्या या उपचाराला पहिली पसंती दिलेली आहे. प्रतिजैविके एकामागून एक निकामी होत असताना शतकांपूर्वीचा एक धातू कामी यावा, ही आपल्या व्यवसायाने ध्यानात ठेवण्याजोगी बाब आहे.

रोजच्या व्यवहारातील काही गोष्टी येथे नमूद करतो. आतड्यातील गंधकाशी संयोग होऊन बिस्मथ सल्फाइड बनते, त्यामुळे शौच काळे होते आणि कधी जीभही काळवंडते. अंबरपेठेतील माझ्या रुग्णांना औषध लिहून देतानाच मी हे सांगून ठेवतो, कारण घरची मंडळी काळे शौच पाहून रक्तस्रावाच्या शंकेने हवालदिल होतात. मात्र रुग्णाला चक्कर, घाम, जलद नाडी, किंवा डांबरासारखे चिकट व दुर्गंधीयुक्त शौच असेल, तर बिस्मथाकडे बोट दाखवून स्वस्थ बसू नये. हेलिकोबॅक्टरसाठी श्वासाची युरिया चाचणी करण्यापूर्वी चार आठवडे बिस्मथ बंद ठेवावा, अन्यथा जंतू असूनही चाचणी नकारात्मक येऊ शकते. बिस्मथ सबसॅलिसिलेटमध्ये अ‍ॅस्पिरिनच्या कुळातील सॅलिसिलेट असते. फ्लू किंवा कांजिण्या झालेल्या मुलांना ते देऊ नये. मूत्रपिंड निकामी असलेल्यांच्या शरीरात बिस्मथ साठू शकतो, म्हणून त्यांनाही तो टाळावा.

सौम्यपणाला मर्यादा असते, हा धडा फ्रान्सने १९७० च्या दशकात घेतला. तेथे बद्धकोष्ठादी तक्रारींसाठी लोक बिस्मथाचे क्षार रोज कित्येक ग्रॅम, महिनोन्‌महिने, स्वतःच्या मनाने घेत असत. त्यातून मेंदूचा विकार उद्भवला. गोंधळलेपण, तोल जाणे, अंगाला झटके येणे, अशी लक्षणे असलेले सुमारे एक हजार रुग्ण नोंदले गेले आणि त्यांपैकी अनेक दगावले. बहुतेक जण औषध थांबवल्यावर बरे झाले. जे एक टक्क्याहून कमी शोषले जाते, ते रोज मूठभर घेतल्यास कमी राहत नाही. म्हणून बिस्मथाचा उपचार थोड्या दिवसांचा, मोजक्या मात्रेचा आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालचा असावा.

किरणांच्या जगात

बिस्मथ हा सर्वांत जड स्थिर मूलद्रव्य असल्याचे आम्ही शाळेत शिकलो. २००३ साली फ्रान्समधील ओर्से येथील शास्त्रज्ञांनी दाखवले की तोही किरणोत्सारी आहे. त्याचे अर्धे अणू विघटित होण्यास लागणारा काळ विश्वाच्या आजवरच्या वयाच्या शंभर कोटी पटींहूनही अधिक आहे, त्यामुळे कुणी चिंता करण्याचे कारण नाही. त्याचाच भाऊबंद बिस्मथ-२१३ मात्र ४६ मिनिटांत अर्धा होतो आणि या विघटनात अल्फा कण बाहेर पडतात. कर्करोगाच्या पेशींना नेमके शोधणाऱ्या रेणूवर बसवून त्यांचा नाश करण्याचे प्रयोग झाले आहेत. बिस्मथ जर्मेनेटचे स्फटिक पेट स्कॅन यंत्रात गॅमा किरण टिपतात. किरणोपचारात रुग्णाच्या निरोगी अवयवांना आडोसा देणारे ठोकळे पूर्वी वुडच्या धातूसारख्याच मिश्रधातूचे, रुग्णागणिक आकार देऊन ओतत. आता बहुतेक ठिकाणी यंत्रातील हलती पाने ते काम करतात.

मुंबईत तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने उच्च तापमानाच्या छोट्या अणुभट्टीचा आराखडा तयार केला, त्यात उष्णता वाहून नेण्यासाठी शिसे आणि बिस्मथ यांचा द्रव मिश्रधातू योजला आहे. तो सुमारे १२५ अंशांना वितळतो, १६०० अंशांपलीकडे उकळतो, आणि सोडियमप्रमाणे पाण्याशी गाठ पडल्यास पेट घेत नाही. मात्र भट्टीतील न्यूट्रॉन शोषून बिस्मथापासून पोलोनियम-२१० हे जहाल विष तयार होते, त्याचा बंदोबस्त ठेवावा लागतो.

शेजाऱ्यावरचे अवलंबित्व

या कहाणीत एक विरोधाभास आहे. केवळ बिस्मथासाठी चालणाऱ्या खाणी जगात जवळजवळ नाहीत. शिसे, तांबे आणि टंगस्टन शुद्ध करताना हा धातू जोडीने हाती लागतो. म्हणजे ज्या शिशाला आपण हद्दपार करू पाहतो, त्याच्याच भट्टीतून त्याचा पर्याय मिळतो. उत्पादनाचा मोठा वाटा चीनकडे आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये चीनने बिस्मथाच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले तेव्हा जागतिक बाजारात भाव कित्येक पटींनी चढले. भारत सरकारने २०२३ साली जाहीर केलेल्या तीस महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत बिस्मथाचा समावेश आहे. प्रसाधने, रंग आणि औषधे यांतून वापरला गेलेला बिस्मथ परत मिळवता येत नाही; मिश्रधातूंतील मात्र मिळवता येतो. तेव्हा जुन्या उपकरणांतील धातू भंगारात न हरवता परत वापरात आणणे शहाणपणाचे ठरेल.

आपल्यापुरते पाहायचे तर, डॉक्टर मंडळींनी बिस्मथ लिहून देताना दिवस आणि मात्रा चिठ्ठीवर स्पष्ट लिहावी. गृहिणींनी आणि स्वयंपाक करणाऱ्या सर्वांनी कुकरचे झाकण धुताना सेफ्टी व्हॉल्व्हकडे एक नजर टाकावी. घराला रंग देताना डब्यावर शिशाच्या प्रमाणाचा उल्लेख शोधावा. एवढे झाले तरी या अल्पपरिचित धातूची ओळख करून देण्याचा माझा हेतू सफल झाला, असे मी समजेन.